तायाप्पाचा हात

१४ नोव्हेंबर १९७८, मंगळवार, सकाळचे सात वाजून पाच मिनिटे. गोव्याहून निघालेली मालमोटार आमच्या कारखान्याच्या फाटकातून आत शिरली, तेव्हा तिच्यात बर्फात पुरलेली डुकरांची सहाशे चाळीस जठरे होती. चालक इनास मात्र तिच्यात नव्हता.

गाडी ओळखीची होती, म्हणून रखवालदाराने नेहमीप्रमाणे फाटक उघडले. आतून तिघे जण उतरले. तिघांच्याही हातांत लोखंडी पहारी होत्या. पहिल्याने रखवालदाराच्या गुडघ्यावर घाव घातला. हाड मोडल्याचा आवाज मला प्रयोगशाळेच्या खिडकीतून ऐकू आला. दुसऱ्याने कचेरीत शिरून टेलिफोनची तार उपटली. तिसरा आम्लाच्या बरण्यांकडे धावला. वेताच्या टोपल्यांत ठेवलेल्या काचेच्या त्या मोठ्या बरण्या त्याने एकामागून एक फोडल्या आणि अंगणात पांढरी, घसा जाळणारी वाफ पसरली.

आम्ही त्या पाळीत नऊ जण होतो. मिरजेबाहेरच्या माळावरच्या आमच्या कारखान्यात डुकराच्या जठराच्या अस्तरापासून पेप्सिन काढत असत. अन्नातील प्रथिने पचवणारा हा पाचकरस वाळवून, त्याची पूड करून आम्ही औषधी कंपन्यांना पाठवत असू. कामगार जठरांना ‘पिशव्या’ म्हणत आणि पेप्सिनला नुसता ‘रस’. मी तेथील रसायनतज्ज्ञ होतो. नाव नेमगोंडा सदलगे, वय एकतीस, तंत्रनिकेतनाची पदविका. आमचे घर जैनांचे. आमच्याकडे दिवस मावळल्यावर ताटे मांडली जात नसत आणि पाणी गाळल्याशिवाय प्यायले जात नसे. आईला मी ‘औषधाचा कारखाना’ एवढेच सांगितले होते.

दौलू मुकादम बर्फ ओढण्याचे फावडे घेऊन पुढे झाला. कापणी विभागाचा हा प्रमुख साडेसहा फूट उंच होता. त्याच्या फावड्याचा पहिला फटका एकाच्या खांद्यावर बसला आणि तो माणूस पहार टाकून कुंपणाच्या भिंतीवरून पलीकडे गेला. दुसराही त्याच्या मागोमाग गेला. बरण्या फोडणारा तिसरा मात्र वाफेने आंधळा झाला होता. तो गाडीला धडकला, बर्फावर घसरला आणि चार जणांनी त्याला खाली दाबून धरले.

तोंडावरचे फडके काढल्यावर दौलू म्हणाला, “अरे, हा तर आपला तायाप्पा.”

तायाप्पा दोन वर्षे आमच्याकडे रात्रीचा रखवालदार होता. पितळी नळ विकताना सापडल्यामुळे मालकांनी त्याला काढले होते. त्यानंतर तो जालिंदर खोताकडे कामाला राहिला. हा जालिंदर त्या भागातील मालवाहतुकीचा ठेकेदार. गोव्याचा माल आपल्याच गाड्यांतून यावा म्हणून तो तीन महिने धमक्या देत होता आणि इनास त्याला जुमानत नव्हता.

“दोन वर्सं हितल्या अंड्यांचा बलक गिळलास आन् हितंच पहार घिऊन आलास व्हय रं?” दौलूने त्याच्या कानशिलात मारली. “इनास कुठाय?”

“मला ठावं न्हाई.”

इतक्यात एका दूधवाल्याच्या सायकलीवर मागे बसून बोस्त्यांव आला. हा गाडीवरचा क्लीनर आणि इनासचा मेहुणा, चाळिशी उलटलेला. त्याची टाळू फाटली होती आणि सदरा कंबरेपर्यंत रक्ताने भिजला होता. दूधवाल्याने त्याला धरून उतरवले. उभे राहताच त्याची नजर तायाप्पाच्या मनगटावर गेली.

“ते घड्याळ इनासचं,” तो म्हणाला. “सायबा, ते माझ्या बहिणीनं दिलेलं घड्याळ.”

“इनास कुठे आहे?” मी विचारले.

“कोसभर मागे गाडी अडवली. जीपगाडी आडवी घातली. इनास खाली उतरला, तर जालिंदरनं हात धरून सुरी घातली. इथं.” त्याने स्वतःच्या छातीच्या पिंजऱ्याखाली, डाव्या बाजूला बोट ठेवले. “एकदा घातली, फिरवली, काढली. मला पहारीनं मारलं, मी चरीत पडलो. मेला म्हणून सोडला. इनासला जीपेत टाकून नेलं. तो ओरडत होता, सायबा. जिवंत होता.”

“किती वाजता?”

“साडेसहा झाले असतील.”

“त्याआधी त्याने काही खाल्ले होते?”

हा प्रश्न बोस्त्यांवला वेडगळ वाटला असावा. “हातकणंगल्याला. साडेपाचाला. अंडं, पाव, चहा.”

मी दूधवाल्याला सायकलीवरून पोलीस ठाण्यात पिटाळले. ते पाच मैलांवर होते. पोलीस येईपर्यंत किमान तास गेला असता, आणि आल्यावर त्यांनीही आम्ही विचारत होतो तेच विचारले असते.

दौलूने तायाप्पाला ओढत टाक्यांच्या छपराखाली आणले. पुढची दहा मिनिटे जे झाले ते मी थांबवले नाही. दौलूने त्याची करंगळी उलटी दाबून मोडली, मग तिच्या शेजारचे बोट. बोस्त्यांवने पहारीच्या बोथट टोकाने त्याच्या पावलावर घाव घातले. तायाप्पाचे नाक फुटले, ओठ फाटला, उजव्या मुठीच्या गाठींवरची कातडी फरशीवर घासून सोलून निघाली. तो गुरासारखा ओरडला, पण शब्द एकच होता.

“ठावं न्हाई.”

“लाज हाय का तुला?” दौलू दम घेत म्हणाला. “मानूस मरतंय तिकडं.”

“सांगितलं तर जालिंदर मला ठिवायचा न्हाई, मुकादम. तुमी हातपाय मोडाल. त्यो जीव घील.”

“मग मीच घेतो,” असे म्हणून बोस्त्यांवने पहार डोक्यावर उचलली. मी तिचे टोक धरले. तो मला ढकलू लागला.

“सोड, सायबा. तुझा कोण लागतो इनास? माझ्या बहिणीचा घोव आहे.”

“हा मेला तर सांगणारा कोण उरेल?”

त्याने पहार खाली घेतली, पण सोडली नाही. मी घड्याळ पाहिले. साडेसात वाजायला आले होते. सुरी लागल्याला एक तास झाला होता.

मी प्रयोगशाळेत जाऊन ऊनपाण्याच्या पेटीतून काचेचा कप बाहेर काढला. आमच्याकडे प्रत्येक घाण्याची, म्हणजे एका वेळी काढलेल्या रसाची, ताकद अंड्यावर तपासली जाई. अंडी उकडायची, पांढरा भाग बारीक चाळणीतून दाबून त्याचा रवा करायचा, तो आम्लपाण्यात घालून त्यात ठरावीक पेप्सिन टाकायचे आणि अडीच तास उबेत ठेवायचे. रस चांगला असेल तर रव्याचा एक कणही शिल्लक राहत नाही. पिवळा बलक या कामात निरुपयोगी. तो रात्रपाळीच्या रखवालदाराला मिळे. दोन वर्षे तायाप्पाने तो भाकरीबरोबर खाल्ला होता आणि माझ्याशेजारी उकिडवे बसून पांढरा रवा नाहीसा होताना पाहिला होता.

मी कप त्याच्यासमोर धरला. पाणी नितळ होते.

“यात मी पहाटे काय घातले होते?”

तो कपाकडे पाहू लागला.

“तायाप्पा, मी विचारतो आहे.”

“पांढरं,” तो म्हणाला. “अंड्याचं.”

“कुठे गेले?”

“रसानं खाल्लं.”

“दौलू, तीन नंबरचे झाकण काढ.”

तिसऱ्या टाकीत आदल्या संध्याकाळी सहाशे लिटरचा घाणा लावलेला होता. चिरलेले अस्तर आम्लपाण्यात पंचेचाळीस अंशांवर रात्रभर ढवळले गेले होते. झाकण निघाले आणि आंबट, ओकारीसारखा वास छपराखाली भरला. आत राखाडी रंगाचा दाट द्रव मंद फिरत होता. ज्या अस्तराचे आम्ही तुकडे टाकले होते त्याचे फक्त चिंधीएवढे अवशेष वर तरंगत होते.

“याचा उजवा हात आत घाल. कोपरापर्यंत.”

दौलू जागचा हलला नाही. त्याने बोटे मोडली होती, पण आता तो माझ्याकडे पाहू लागला.

“सायेब, तुमी मुंगी बाजूला सारून पाय टाकता.”

“घाल.”

दोघांनी तायाप्पाला टाकीच्या कडेवर आडवे केले. दौलूने त्याचा दंड धरला आणि हात आत दाबला. सोललेल्या गाठींना आम्ल लागताच तायाप्पाने जी किंकाळी फोडली ती आधीच्या सर्व ओरडण्याहून वेगळी होती. तोवर तो माराला ओरडत होता. आता तो आत जे काही चालले होते त्याला ओरडत होता.

मी त्याच्या डोक्याशी स्टूल घेऊन बसलो. त्याच्या डाव्या मनगटावरचे इनासचे घड्याळ सोडवून ते त्याला दिसेल असे कडेवर ठेवले.

“जळजळते आहे ते आम्ल,” मी म्हणालो. “आम्ल कापत नाही. मांस, अंडे, तुझा हात, हे सगळे प्रथिनांचे. प्रथिन म्हणजे सुंभाचा दोर घट्ट पिळून त्याचा गुंडा करावा तसे असते. आम्ल तो गुंडा उकलते, पीळ सैल करते. तेवढेच त्याचे काम.”

“काडा, सायेब. पाया पडतो.”

“मग रस कापायला लागतो. ऊसतोडीची टोळी फडात शिरते तसा. एक घाव या पेरावर, एक त्या पेरावर. दोराचे तुकडे होतात, तुकड्यांचे आणखी तुकडे. शेवटी पाण्यात मिसळून दिसेनासे होतील इतके बारीक. म्हणून कपातले पाणी नितळ असते. घाई नसते त्याला. ढवळत राहिले आणि उबेत ठेवले की तो आपले काम करत जातो.”

“किती येळात?”

“आधी गाठींवरचे मांस जाईल, कारण तिथे कातडी नाही. वीस मिनिटांत पांढरे हाड दिसेल. बोटांचे नंतर.”

दौलूने मान फिरवली. बोस्त्यांव पहार टेकून उभा होता. तोही आता टाकीत पाहत नव्हता. काटा पुढे सरकत होता आणि तायाप्पाचे डोळे त्याच्यावरून हलत नव्हते.

“तुझा तर नुसता हात आहे,” मी म्हणालो. “इनासचे पोट आहे. त्याने साडेपाचला अंडे खाल्ले. अंडे पोटात पडले की पोट हाच रस आणि हेच आम्ल सोडते, भरपूर सोडते. पोटाला आतून बुळबुळीत अस्तर असते, म्हणून ते स्वतःला पचवत नाही. जालिंदरची सुरी त्या अस्तरातून पलीकडे गेली. आता तो रस पलीकडे गळतो आहे. पलीकडे आतडी आहेत. त्यांना बाहेरून ते अस्तर नाही. टाकीतला रस मी झाकण लावून थांबवू शकतो. त्याच्या पोटातला कोण थांबवणार?”

“मी न्हाई खुपसली. आयच्यान. मी गाडीचं दार धरून हुतो.”

“मला ठाऊक आहे.”

“मला काय म्हाईत त्यो सुरी काडंल म्हून. नुस्तं भ्या घालायचं ठरलं हुतं. जालिंदर म्हनला, पिशव्यांचं नुकसान करू, बरण्या फोडू, मालक सरळ हुतोय.” तो रडू लागला. “आत कायतरी चावतंय, सायेब. बोटाला चावतंय.”

“होय. ते रसाचेच काम.”

“मला बघू द्या हात.”

“नाही. बाहेर काढून पाहिलास तर सांगणार नाहीस. आधी सांग.”

बोस्त्यांव पुढे आला. पहार टाकून तो तायाप्पाच्या तोंडासमोर गुडघ्यांवर बसला. आवाज चढवून तो बोलला असता तर कदाचित उपयोग झाला नसता. तो अगदी हळू बोलला.

“पावण्या, तीन पोरी आहेत त्याला. मी घरी जाऊन काय सांगू? कुठं टाकला म्हणून सांगू? मेला तरी कुठं मेला ते सांग.”

तायाप्पाने डोळे मिटले.

“टाकळीच्या अंगाला,” तो म्हणाला. “बंद पडल्याली दगडाची खान हाय. तिथं पंपाची खोली हाय. तितं ठिवायचं ठरलं हुतं मोटारीच्या डायवरला, सांज हुस्तवर. तितंच न्हेला आसल.”

“किती माणसं आहेत तिथं?”

“जालिंदर थांबायचा न्हाई. यक पोरगं आसल राखनीला.”

दौलूने दंड सोडला. मालमोटार चालू होती आणि किल्ली तिलाच होती. दौलू चालकाच्या जागी बसला, बोस्त्यांव शेजारी, आणखी चौघे मागे बर्फावर. सात वाजून त्रेपन्न मिनिटांनी ते फाटकाबाहेर पडले.

बाकीचे जखमी रखवालदाराजवळ होते; टाकीपाशी तायाप्पा आणि मी असे दोघेच उरलो. मी त्याचा हात बाहेर काढला, नळाखाली धरला, सोड्याच्या पाण्याने धुतला आणि स्वच्छ फडक्याने टिपला. त्याने डोळे मिटूनच ठेवले होते.

“बघ,” मी म्हणालो.

“न्हाई.”

“बघ, तायाप्पा.”

त्याने पाहिले. दोन बोटे दौलूने मोडली होती तशीच वाकडी होती. सोललेल्या गाठी लाल होत्या. बाकी हात ओलसर, सुरकुतलेला, धुणे धुतल्यावर होतो तसा. नखे जागेवर होती. केसही होते. त्याने चांगल्या बोटांनी मूठ मिटली आणि उघडली.

“हाड कुठाय?”

“मांसाच्या आत आहे.”

“वीस मिंटं झाली की.”

“माणसाच्या कातडीचा वरचा थर रसाला दाद देत नाही,” मी सांगितले. “नखे आणि केसही देत नाहीत. अंडे मी उकडतो, चाळणीतून दाबून रवा करतो, तरी त्याला अडीच तास लागतात. उघड्या जखमेला आम्ल झोंबते, तेवढे तुला झोंबले. वीस मिनिटांत तुझ्या हाताचे काही होणार नव्हते.”

त्याच्या नाकातून रक्त ठिबकत होते, ते पुसायचेही त्याला सुचले नाही.

“चावत हुतं की.”

“चावत नव्हते.”

“म्हंजे न बोलता पडून ऱ्हायलो असतो तरी चाललं असतं?”

“हाताला चालले असते.”

तो हसला. फाटलेल्या ओठामुळे ते हसू धड उमटले नाही. मग तो भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, “दोन वर्सं तुमच्याजवळ बसून पांढरं इरघळताना बघितलं, सायेब. तेवडं बघितलं नसतं तर मेलो असतो, पर बोललो नसतो.”

पोलीस साडेआठनंतर आले. मी तायाप्पाला पाणी पाजले होते आणि त्याची मोडलेली बोटे लाकडी पट्टीला बांधली होती. तो जीपमध्ये निमूटपणे चढला.

इनास पंपाच्या खोलीत सापडला. राखणीचा माणूस गाडी पाहूनच पळाला. इनास शुद्धीवर होता. पोट लाकडासारखे कडक झाले होते आणि कोणी हात लावू गेले तरी तो किंचाळत होता. सव्वानऊला त्याला मिरजेत शस्त्रक्रियेच्या मेजावर घेतले. सुरी जठराच्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही भिंतींतून गेली होती. शल्यविशारदांनी दोन्ही भोके शिवली आणि पोटाची पोकळी पुन्हा पुन्हा धुतली. बाहेर येऊन त्यांनी बोस्त्यांवला सांगितले की दुपारपर्यंत उशीर झाला असता तर हात लावण्यातही अर्थ उरला नसता.

महिन्याभराने मी इनासला भेटायला गेलो. तो खाटेवर बसून पेज पीत होता. घड्याळ त्याच्या मनगटावर होते.

“बोस्त्यांव सांगतो, तुम्ही त्या माणसाला बोलतं केलं. मारून?”

“मारून तो बोलला नाही.”

“मग?”

“शिकवून.”

त्याला ते कळले नाही आणि मी फोड केली नाही. कारखान्यातही कोणी त्याविषयी बोलत नसे. दौलू मला पूर्वी चहाच्या वेळी हाक मारीत असे, ती त्याने बंद केली. मी टाकीजवळ गेलो की कामगार बाह्या खाली ओढून घेत. कातडीविषयीची गोष्ट मी त्यांना दोनदा समजावून सांगितली, स्वतःचा हात बुडवूनही दाखवला. त्यांनी माना डोलावल्या आणि टाकीपासून दूर उभे राहिले.

तायाप्पाने न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर सविस्तर जबाब दिला. त्यात जालिंदरचे नाव होते, सुरी होती, पंपाची खोली होती. टाकीचा उल्लेख नव्हता. पोलिसांनी बोटांविषयी विचारले तेव्हा त्याने ‘बर्फावर पडलो’ असे सांगितले. जामिनावर सुटताच तो जतकडच्या आपल्या वाडीत मेंढरांकडे गेला. पोलिसांनी पकडलेला जालिंदरही त्याच सुमारास जामिनावर सुटला.

खटल्यात साक्ष देण्याच्या आधीच्या आठवड्यात तायाप्पा वाडीबाहेरच्या ओढ्यात सापडला. चेहरा ओळखण्याजोगा ठेवला नव्हता, म्हणून पोलिसांनी हात पाहून ओळख पटवायला मला नेले. वाकडी सांधलेली दोन बोटे पाहून मी होय म्हणालो. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी माझ्यासमोर वार मोजले. ते एकतीस भरले.